दयेच्या आठवड्यात परीक्षा नको

सोमवार, १८ एप्रिल

वही सिपोराची आहे. पाककृती उतरवायला आणली होती. चिकाचा हलवा आणि एक अर्धवट मटण लिहून बाईसाहेबांनी सोडून दिली. नवऱ्याला, म्हणजे मला, उरलेली पानं वापरायची परवानगी आहे, फक्त हलव्याचं पान फाडायचं नाही.

शनिवार-रविवार पेसाहचे पहिले दोन दिवस होते, त्यात लिहायचं नसतं, म्हणून सुरुवात आज. पेसाह म्हणजे आम्हा यहुद्यांचा बिनखमिराच्या भाकरीचा सण. त्याच्या दुसऱ्या रात्रीपासून शाबुओथच्या सणापर्यंत एकोणपन्नास दिवस, अंधार पडला की रोज एकेक दिवस मोजायचा. ह्याला ओमेर मोजणं म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांत मी कधी मोजला नाही. यंदा ठाण्याच्या रूबेनकाकांनी माझ्या हातात एक झेरॉक्स कोंबली. काका आमच्या सिनेगॉगचे जुने हजान, चाळीस वर्षं प्रार्थना चालवली त्यांनी. म्हणाले, "बेनी, तुला गरज आहे." कशाची गरज ते काही सांगितलं नाही. म्हाताऱ्यांना असं अर्धं बोलायची सवयच असते.

झेरॉक्सवर सात आठवडे, आणि प्रत्येक आठवडा देवाच्या एका गुणाचा. पहिला हेसेद, म्हणजे दया, हात सैल सोडून देणं. दुसरा गेवुरा, म्हणजे न्याय, हात आवरणं. तिसरा तिफेरेत, दोघांचा मेळ. पुढचे चार पुढे बघू. आणि प्रत्येक आठवड्याच्या सात दिवसांनाही पुन्हा तेच सात गुण लावलेत: दयेतली दया, दयेतला न्याय, असं करत. आमच्या जुन्या गूढ विद्येतलं आहे म्हणे. सिपोरा झेरॉक्स फ्रिजवर चिकटवू देईना, शेवटी कपाटाच्या आतून लावली.

हा पहिला आठवडा मला मानवत नाही, सरळ लिहून टाकतो. ऑक्टोबरात मी एकदा दया केली आणि त्यापायी गोदामातल्या महादूच्या पायाची दोन बोटं गेली.

मंगळवार, १९ एप्रिल

वडप्याच्या गोदामात मी फोर्कलिफ्ट शिकवतो. परीक्षाही मीच घेतो. माझी सही झाली की कार्ड, आणि कार्ड असेल तरच गाडीला हात लावायचा. गाडीवर माल चढला की सहा टनांचा मामला असतो, त्यात गंमत चालत नाही.

तरी मी चालवून घेतली. आमचं गोदाम ज्यांच्या भातशेतीवर उभं आहे त्या बाळारामशेठचा पुतण्या कुणाल शिकायला होता. शेठ स्वतः आले, चहा घेतला, म्हणाले, पोराचं लग्न जमतंय, सर, तेवढं कार्डाचं बघा. मी परीक्षा निम्मी घेतली. रिव्हर्सचा भाग नंतर करू म्हणालो आणि सही केली. तीन आठवड्यांनी कुणालने रिव्हर्स घेताना महादू लोडरच्या पायावर चाक घातलं. चौकशीच्या कागदात आलं की महादू पिवळ्या पट्ट्याच्या आत, गाडीच्या वाटेत, उभा होता, चूक त्याची. मला विचारलं, कुणालची परीक्षा पूर्ण झाली होती का. मी म्हणालो, फाईलमध्ये माझी सही आहे. ते काही खोटं नव्हतं.

कुणाल काकाच्या दुसऱ्या धंद्यात गेला. महादू आता लंगडत मालाच्या स्लिपा वाटतो. तेव्हापासून मी अकरा जणांची परीक्षा घेतली. अकराही नापास. गोदामात मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

आज भाविक आला. भाविक आमचा मॅनेजर, बत्तीस वर्षांचा, बोलता बोलता मोबाईल बघणारा. म्हणाला, "सर, प्राजक्ताची परीक्षा गुरुवारी घेऊन टाका ना."

प्राजक्ता पॅकिंगला आहे. मागच्या डोंगरातल्या पाड्यावरून रोज दीड तास चालत येते. पॅकिंगचं काम आता मशीनवर जाणार. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाया बंद, फक्त कार्ड असलेल्यांना ठेवणार. कार्ड नाही मिळालं तर दिवाळीनंतर ती पुन्हा नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर, आणि यंदा पहिलीत घातलेली पोरगीही शाळा सोडून त्यांच्यामागे. हे सगळं तिने नाही, भाविकने सांगितलं. तिने मला फक्त गाडीबद्दल प्रश्न विचारलेत, आणि तेही नेमके. मार्चमध्ये एकदा नापास झाली, तेव्हा माल खरंच कलला होता. दोनच संधी असतात. ही दुसरी.

मी भाविकला सांगितलं, गुरुवार नको, पुढचा सोमवार. कारण विचारलं तर तब्येत म्हणालो. खरं कारण असं की गुरुवार दयेच्या आठवड्यात येतो. परीक्षा घेताना माझा हात सैल पडायला नको. सोमवार पंचवीस म्हणजे न्यायाच्या आठवड्यातला न्यायाचा दिवस, कपाटातल्या कागदावर दोनदा तपासलं. इतका चोख दिवस पुन्हा मिळायचा नाही.

बुधवार, २० एप्रिल

सिपोराला दिवस पुढे ढकलल्याचं सांगितलं. कांदा चिरता चिरता म्हणाली, "त्या बाईला विचारलंत, तिला कुठला आठवडा चालतो ते?" बायकोला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं. जेवण मात्र छान होतं.

सोमवार, २५ एप्रिल

परीक्षा झाली. नापास.

तपशील लिहितो म्हणजे उद्या कोणी विचारलं तर उत्तर तयार राहील. वेळ नऊ मिनिटं. मालाने भरलेलं पॅलेट उचलायचं, दोन रॅकमधून न्यायचं, वळण, दुसऱ्या फळीवर ठेवायचं, रिव्हर्स करून जागेवर. उचलणं चांगलं. पहिलं वळण चांगलं. दुसऱ्या गल्लीत तिचा हॉर्न ऐकू आला आणि गाडी थांबली. तिथे नेमकं माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं, धूळ असेल, आणि छातीत जरा धडधडलं, उकाडा फार आहे. बघितलं तेव्हा गाडी पुन्हा चालू होती. माल ठेवला व्यवस्थित. रिव्हर्सही नीट. साडेअकरा मिनिटं. नऊ म्हणजे नऊ.

खाली उतरून ती म्हणाली, "सर, तुमी बगितलात ना?"

"घड्याळ बघितलं," मी म्हणालो.

तिने हेल्मेट खुंटीला लावलं आणि पॅकिंगला गेली.

भाविक मागे लागला, "अडीच मिनिटांचं काय एवढं, सर?" मी नाही म्हणालो ते नाहीच. बाळारामशेठसमोर जमलं नव्हतं ते आज जमलं. मला बरं वाटायला हवं होतं.

गुरुवार, २८ एप्रिल

बरं वाटत नाही. डॉक्टरने बीपी बघितलं, ठीक आहे म्हणाला. हॉर्न वाजला की छातीत धडधडतं हे त्याला सांगितलं नाही. गोदामात दिवसाला शंभर हॉर्न वाजतात, काय सांगणार?

रविवार, १ मे

ठाण्याला जाऊन आलो. दारातच रूबेनकाकांशी हातबोशी केली. आमच्यात भेटल्यावर एकमेकांचे हात हातात घेऊन मग आपापली बोटं ओठांना लावतात. काकांचे हात आता कागदासारखे झालेत.

कुणालचं खरं काय ते आज पहिल्यांदाच कोणाजवळ तरी बोललो. सांगून झाल्यावर म्हणालो, "काका, दया केली आणि फसलो."

काका म्हणाले, "त्याला दया म्हणतोस? बाळारामला नाही म्हणवेना, त्याला भीड म्हणतात, बेनी. दया ज्याच्यावर करायची त्याच्याकडे आधी बघावं लागतं. त्या पोराला गाडी मागे घेता येते का, एवढं तरी बघितलंस?"

मग मी प्राजक्ताची परीक्षा न्यायाच्या आठवड्यात कशी नेली ते सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. काका इतके हसले की खोकला लागला, सुनेने पाणी आणलं.

"अरे, मुहूर्त काढलास होय? ते पंचांग आहे का? प्रत्येक आठवड्यात सातही गुण कशाला घातलेत मग? एकटी दया कुठे सापडायची नाही, एकटा न्यायही नाही. हेसेद उजवा हात, गेवुरा डावा. नुसत्या उजव्याने जग वाहून जाईल, नुसत्या डाव्याने आवळून मरेल."

मी म्हणालो, "आमच्या गाडीतही डावा हात स्टिअरिंगवर आणि उजवा माल उचलायच्या लिव्हरवर असतो."

"मग रोज तेच शिकवतोस की," काका म्हणाले, "स्वतः कधी शिकणार?"

राग आला. परत येताना माणकोलीच्या वळणावर पाऊण तास अडकलो, त्या वेळात आणखी वाढला. ऐंशी वर्षांच्या माणसाला फोर्कलिफ्टमधलं काय कळतं? नियम काय मी माझ्यासाठी केलेत?

बुधवार, ४ मे

दुपारी जेवायला बसलो होतो, महादू समोर येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"सर, प्राजक्ता माझ्यामुलं नापास झाली का?"

मी विचारलं, तुझा काय संबंध.

"मी मधी आलो व्हतो ना. त्या गल्लीत. स्लिपा पडल्या हातातून, खाली बसून गोला केल्या. मला वाकाया टाइम लागतो. तिनी गाडी थांबवली, माल भुईला टेकवला, ब्रेक लावला. घाई केली न्हाय. मी उठून पट्ट्याच्या पलीकडं गेलो, तवा तिनी माल उचलला. त्याच्यात टाइम गेला तिचा."

मी म्हणालो, मला हे दिसलं नाही.

महादू मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "कसा दिसल, सर? तुमी डोले मिटले व्हते. घट्ट. मी बगितला तुमाला."

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. मला वाईट वाटेल म्हणून तो हळू बोलला. ज्या माणसाची बोटं गेली तो माझी काळजी करत उभा होता, आणि मी डबा उघडा ठेवून बसलो होतो. पुढे जेवलो नाही.

धूळ वगैरे काही नव्हतं. हॉर्न वाजला, महादू गाडीसमोर दिसला आणि मी डोळे मिटले. मला भीती वाटली. नोव्हेंबरपासून प्रत्येक परीक्षेत वाटते. अकरा जणांना मी नापास केलं ते त्यांच्या चुका बघून की माझी भीती बघून, हे आता मला सांगता येणार नाही. आणि प्राजक्ताने त्या दिवशी जे केलं ते मी वीस वर्षं शिकवतोय. माणूस दिसला की माल खाली. परीक्षेत, घड्याळ चालू असताना, हे करणारी ती पहिलीच.

शुक्रवार, ६ मे

बुधवारी रात्री ओमेर मोजायचा राहिला. काल दिवसभरही आठवण झाली नाही. सकाळी रूबेनकाकांना फोन केला, म्हटलं आता सगळं फुकट गेलं का?

"फुकट कशाने जाईल? मोजण्याआधीची प्रार्थना, ती बराखा, म्हणायची नाही आता, तेवढा मान गेला. मोजणं सोडायचं नाही."

मंगळवार, १० मे

नियम पुन्हा वाचला. तिसरी संधी नाही. मात्र परीक्षाच चुकीची घेतली असं परीक्षकाने स्वतः लेखी दिलं तर ती रद्द होते आणि नव्याने घेता येते. म्हणजे प्राजक्ताला वाचवायचं तर मला माझ्याविरुद्ध लिहावं लागेल. आणि माझी एक परीक्षा खोटी ठरली की आधीच्या सगळ्या उघडणार, कुणालचीही.

तीन दिवस वाट शोधतोय. भाविकला तोंडी सांगून चालेल का? शीटवर साडेअकराचे साडेआठ केले तर? ते तर पेनाच्या एका फटक्याचं काम आहे. तिचं भलं होईल, माझं काही जाणार नाही, शेठही खूश. आणि हीच माझी कुणालवाली दया. मला माझीच शिसारी आली.

पत्र लिहिलं. चार ओळींचं. खिशात ठेवून गेलो आणि खिशातच घेऊन परत आलो.

सिपोराने शर्ट धुवायला घेतला तेव्हा तिला सापडलं. वाचलं. मला वाटलं, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, आता कशाला, असं म्हणेल. म्हणाली, "कुणालचं नाही लिहिलंत ह्यात."

म्हटलं, ते आपोआप निघेलच.

"निघेल कशाला? तुम्ही काढा. महादूच्या घरी काय सांगत असेल तो, स्वतःच्या चुकीने पाय घालवला म्हणून?" एवढं बोलून शर्ट भिजत टाकला.

गुरुवार, १२ मे

नवं पत्र दिलं, दीड पानाचं. प्राजक्ताची परीक्षा मी न बघता घेतली. कुणालची निम्मी घेतली. चौकशीत सहीमागे लपलो. अकरा जणांच्या परीक्षाही पुन्हा घ्याव्यात.

भाविकने पहिल्यांदा मोबाईल उलटा ठेवला. "सर, ह्याने तुमचं काय होईल कळतंय ना? बाळारामशेठ काय म्हणतील?"

पत्र त्याच्या बाजूला सरकवलं. म्हणालो, पुढे पाठव.

सोमवार, २३ मे

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. नुसती वाट बघणं.

आज मुख्य ऑफिसातून एक बाई आल्या. भाविक, मी, महादू आणि त्या. मला एक तास विचारलं. ह्या खेपेला कुठलंही उत्तर फाईलवर ढकललं नाही. शेवटी त्यांनी महादूला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

महादूने टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "माज्या कागदावर लिवलाय मी पट्ट्याच्या आत व्हतो. मी भायेर व्हतो. त्यो खोडा."

"आणि सरांबद्दल?"

"सरांचा सरांना म्हाईत."

दोष देईल किंवा माफ तरी करेल, असं वाटलं होतं. दोन्ही केलं नाही. मला वाटतं मी ह्याच्याच लायकीचा होतो.

निकाल संध्याकाळी कळला. महादूचा कागद सुधारणार आणि नुकसानभरपाईचं प्रकरण नव्याने चालणार. प्राजक्तासकट अकराही जणांची परीक्षा बाहेरचा परीक्षक घेईल. माझा सहीचा अधिकार गेला. शिकवायचं काम ठेवलंय, तेही सहा महिने बघू म्हणून. गेटवर बाळारामशेठ भेटले, नमस्कार केला तर दुसरीकडे बघितलं. घरी येऊन सिपोराला सांगितलं. तिने चहात आज साखर जास्त घातली, मला मना असून.

गुरुवार, २ जून

बाहेरचा परीक्षक आला. तळोज्याचा, बारीक, पान खाणारा. प्राजक्ताचा पहिला नंबर. मला उभं राहायला परवानगी होती, पट्ट्याच्या मागे, तोंड बंद ठेवून.

हा माणूस एका जागी उभाच राहिला नाही. अख्खी परीक्षाभर तिच्या गाडीच्या बाजूने, सुरक्षित अंतर ठेवून, चालत होता. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली, हॉर्न दिला. समोर कोणी नव्हतं. त्याने विचारलं, का थांबलीस? ती म्हणाली, "पलीकडचा दिसत न्हाय." पुढे गेली. हॉर्न वाजला तसं माझ्या छातीत धडधडलं, घामही फुटला, पण डोळे उघडे ठेवले. तिने माल फळीवर ठेवला तो इतका अलगद की आवाज झाला नाही. गाडी मागे घेताना मान पूर्ण वळवून बघत होती. हे मीच शिकवलं होतं, आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. आठ मिनिटं चाळीस सेकंद. पास.

भाविकने टाळ्या वाजवल्या, पॅकिंगच्या बायांनी वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, मला तो हक्क वाटेना.

दुपारी ती माझ्याकडे आली. कार्ड गळ्यात होतं.

"सर, त्या दिशी मला वाटला, तुमी बगून नापास केला. म्हटला, असल माझी कायतरी चूक. घरी जाऊन रडली, मंग रोज इचार करत व्हती काय चुकला. आता कलला का तुमी बगितलाच न्हाय. त्याचा जास्त राग हाय मला. ह्यो मी इसरायची न्हाय."

"विसरू नकोस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मला वाटलं ती जाईल. ती गेली नाही.

"माझी जाऊ हाय, बुधी. तिला शिकायचा हाय. सोमवारी आनते. भाविक सर म्हनले, मानकोलीवरून दुसरा मास्तर येतो, त्याच्याकडं दे. मी न्हाय म्हटला. तुमीच शिकवा तिला."

मी सांगितलं, माझी सही आता चालत नाही, मी शिकवून कार्ड मिळणार नाही.

"सही कोन मागतोय तुमच्याकडं?" ती म्हणाली. "शिकवा."

सोमवारी शाबुओथची माझी सुट्टी आहे, म्हणून मंगळवारी सकाळी आठला आण म्हणालो. ती म्हणाली, आठला ऊन चढतं, साडेसातला येतो.